शिळं पाणी

एन-सहा, सिडको, औरंगाबाद
मंगळवार, १४ मे २०१९

तीर्थस्वरूप वैदेहीअक्का हिस,

केशवचा शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे हल्ली असा नमस्कार कागदावरच घालता येतो. तरी तो पुरता घातला आहे असं समज.) तुझी कंबर, तुझा दमा, तुमच्या मागच्या दारचं लिंबाचं झाड, सगळ्यांची नावानिशी चौकशी करतो. तात्यासाहेबांना माझा नमस्कार मोठ्यानं सांग. डाव्या कानात सांगितलास तर पोचेल. इकडे मी उत्तम आहे. पाय थोडे सुजतात, पण या वयात माणसाचं काहीतरी फुगायचंच, पोट नाही तर पाय. पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असं लिहायची रीत आहे, पण तुझा लोभ आहे की आटला हेच ठाऊक नसल्यामुळे तो विषय शेवटासाठी राखून ठेवतो.

पत्रास कारण मनकर्णाबाई. आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरात राहतात त्या. त्यांच्या परवानगीशिवाय आमच्या गल्लीत वाराही शिरत नाही. मागच्या एकादशीला त्या पैठणला आल्या, नाथांचं दर्शन दहा मिनिटांत उरकलं आणि तुझ्या ओट्यावर दोन तास बसल्या, असं त्यांनीच मला येऊन कौतुकानं सांगितलं. “सांगून आले हो तुमच्या बहिनीला, केशवरावांनी लॉज काढलंय म्हनून. लई गोऱ्या बाया येतेत म्हनलं.” तर अक्का, मी लॉज काढलेलं नाही. लॉजवाला पैसे घेतो. मी पैसे घेत नाही, उलट पोहे घालतो. बायका येतात हे खरं, त्यातल्या काही गोऱ्या असतात हेही खरं, पण बाप्येही येतात, आणि गेल्या महिन्यात तर नांदेडचा एक बुवा येऊन तीन दिवस राहिला, तो माझ्यापेक्षा दोन छटा काळा होता. तू माझ्या घरचं पाणी सोडलंस त्याला गेल्या चैत्रात तीन वर्षं झाली. पण माझ्याबद्दल ऐकायचं सोडलेलं नाहीस, दोन तास ऐकलंस, हे मनकर्णाबाईंमुळे कळलं. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हणून म्हटलं, ऐकायचंच आहे तर माझ्याकडून ऐक.

इंटरनेटवर एक वेबसाइट आहे. जगभरातले लोक तिथं नाव नोंदवतात. ज्याच्याकडे खाट रिकामी आहे तो लिहितो की खाट आहे. जो प्रवासाला निघालाय तो लिहितो की पाठ टेकायची आहे. दोघांचं जमलं की हा त्याच्याकडे जाऊन राहतो. भाडं नाही, अनामत नाही, पावती नाही. श्रेयानं (आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते ती लातूरकडची मुलगी, शेंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे) हे मला समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, यात नवीन काय? आपल्या औरंगपुऱ्याच्या दोन खोल्यांत हेच तर चालायचं. अप्पा आधी पान मांडायचे आणि ताक भुरकून झाल्यावर विचारायचे, “आपण कोण?” तो जालन्याचा गृहस्थ आठवतो ना? आठ दिवस राहिला, आईनं त्याच्या सदऱ्याला बटणं लावून दिली, आणि निघायच्या दिवशी कळलं की तो शेजारच्या कुलकर्ण्यांकडे मुंजीला आला होता आणि मुंज होऊन चार दिवस झाले होते. त्याला वाईट वाटलं, कुलकर्ण्यांना वाईट वाटलं, अप्पांना काही वाटलं नाही. असो. फरक एवढाच की आता यासाठी पासवर्ड लागतो.

तुला वाटेल या वयात केशवला हे कुणी शिकवलं. मी शिकलोच नाही. मला मोबाईल उचलता येतो आणि ठेवता येतो, त्यापलीकडे माझी मजल नाही. नाव नोंदवलं होतं भानुमतीनं.

ते मला कळलं ती तऱ्हा सांगतो. ती जाऊन चार महिने झाले होते. संक्रांतीनंतरचा आठवडा, दुपारचे चार. मी ओसरीवर बसून काही न करण्याचं काम करत होतो. तेवढ्यात फाटकाशी एक सायकल थांबली आणि तिच्यावरून माणूस उतरतच राहिला. सव्वासहा फूट तरी असेल. दाढी लाल, नाक सोललेलं, पाठीवर आपल्या गॅसच्या सिलिंडरएवढं बोचकं. मला पाहून हात जोडून म्हणाला, “भानुमती?” अक्का, चार महिन्यांत त्या घरात ते नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. लोक ‘वहिनी’ म्हणत, ‘काकू’ म्हणत, ‘त्या’ म्हणत आणि गप्प होत. मला आधी वाटलं विम्याचा माणूस. मग वाटलं विम्यावाले सायकलवर परदेशी माणूस कशाला पाठवतील. त्याचा हात धरून त्याला बैठकीत नेलं आणि हाराच्या फोटोसमोर उभं केलं. त्यानं आधी फोटोकडे पाहिलं, मग हाराकडे. मग खाली बसला, बूट काढले, मोजे काढले, डोक्यावरचं ते सायकलचं टोपडं काढलं, आणि उठून परत फोटोसमोर उभा राहिला. आपले चुलतभाऊ दहाव्याला मोबाईलवर बोलत होते ते आठवतं ना? हा माणूस पंधरा मिनिटं हलला नाही.

श्रेया कामावरून आली तेव्हा उलगडा झाला. त्याचं नाव पावेल, गाव प्राग की कायसं, आणि तो वर्षभर सायकल मारत वेरूळ बघायला निघाला होता. त्यानं सात महिने आधी विचारून ठेवलं होतं आणि भानुमतीनं आषाढात त्याला होकार कळवला होता. म्हणजे हिचं औषधपाणी चालू होतं तेव्हा. मी बाजारात गेलो की या दोघी मोबाईल घेऊन बसायच्या आणि “काकांना सांगू नकोस, पाहुणे आले की कळेलच” असं तिनं श्रेयाला बजावलं होतं. पावेलनं तिचा निरोप दाखवला. श्रेयानं मराठी करून वाचला: या. दिवाळीनंतर केव्हाही या. सोबत काही आणू नका. मी नसले तर माझे यजमान असतील. ते रागावलेले दिसतील, तिकडे लक्ष देऊ नका. पाणी हवं तेवढं मागा.

त्या वेबसाइटवर प्रत्येकाचं एक पान असतं, त्यात प्रश्न असतात. भानुमतीनं बाकीचे प्रश्न रिकामे ठेवले होते. फक्त एकाचं उत्तर दिलं होतं. प्रश्न असा, की तुम्ही अनोळखी माणसासाठी घर का उघडता? तिनं सांगितलेलं श्रेयानं इंग्रजीत लिहिलं होतं: ‘आमच्या घरातून एक बाई तहानलेली गेली. ती माहेरी आली होती. ती परत येईपर्यंत दुसऱ्या कुणीतरी इथं पाणी पिऊन जावं.’ अक्का, चाळीस वर्षं जिच्यासोबत संसार केला तिच्या मनात काय होतं हे मला इंटरनेटवरून कळलं. बरोबरीनं तिकडे ब्राझीलला आणि कोरियालाही कळलं.

तेव्हापासून मी कुणाला नाही म्हटलेलं नाही. आजतागायत एकेचाळीस माणसं येऊन गेली. (मोजली, हो. सवय जात नाही.) आता तू म्हणशील, हा घुम्या माणूस पाहुण्यांशी वागतो कसा. वाईट नाही वागत. सुरुवातीला एक घोटाळा झाला. श्रेया म्हणाली, काका, पान अर्धवट आहे, तुमची माहिती सांगा, मी भरते. मला आयुष्यात स्वतःची माहिती एकाच कामासाठी द्यावी लागली होती, ती मुलगी सांगून येण्यासाठी. म्हणून मी त्याच धाटणीनं सांगत गेलो. गोत्र वत्स. उंची पाच फूट पाच. वर्ण निमगोरा. चष्मा आहे. शिक्षण बी. कॉम. सरकारी पेन्शन. स्वतःचं घर, मोकळं. अपेक्षा: निर्व्यसनी, सुस्वभावी, घरकामाची आवड असल्यास उत्तम. त्या पोरीनं वात्रटपणानं ते जसंच्या तसं टाकलं. आठवड्यात एकोणीस जणांनी यायचं म्हणून कळवलं. अर्जेंटिनाच्या एका मुलीनं कळवळून विचारलं की मला गोत्र नाही, तरी येऊ का.

दुसरा घोटाळा शेऱ्यांचा. पाहुणा गेला की त्यानं यजमानाबद्दल आणि यजमानानं पाहुण्याबद्दल चार ओळी लिहायच्या असतात. आता मी बत्तीस वर्षं आस्थापना शाखेत काढली, दुसऱ्यांचे गोपनीय अहवाल सांभाळण्यात डोळे घालवले. मला माणसाबद्दल लिहिण्याची एकच भाषा येते. पावेलला मी ‘निश्चित चांगला’ असा शेरा दिला. आमच्या कचेरीत बत्तीस वर्षांत तो शेरा मी चौघांना मिळालेला पाहिला, त्यातले दोघे साहेबांचे मेहुणे. एका डच मुलाला लिहिलं, ‘साधारण. अंथरुणाची घडी घालत नाही. सुधारणेस वाव आहे.’ त्यानं दोन पानी रडकं पत्र पाठवलं. तिकडे म्हणे सगळे सगळ्यांना अद्भुत, अविस्मरणीय असं लिहितात. साधारण म्हणजे त्यांच्यात तडीपारी. मी त्याला रीतसर कळवलं की प्रतिकूल शेऱ्याविरुद्ध तीस दिवसांत अभिवेदन करता येतं. त्यानं केलं. सोबत पुरावा म्हणून घडी घातलेल्या अंथरुणाचा फोटो जोडला. मी विचारांती त्याला ‘चांगला’ केलं. ते लोक माझ्याबद्दल काय लिहितात तेही श्रेया वाचून दाखवते. पोहे चांगले, यजमान पहाटे पाचला मोठ्यानं स्तोत्र म्हणतात, गालिच्यावर पाय दिला की बघतात. एका पोरीनं लिहिलं होतं की आम्ही नशीबवान, आम्हाला इथला जलोत्सव पाहायला मिळाला. पहाटे अचानक सगळी गल्ली उठते, बायका-पुरुष हंडे घेऊन धावतात, ओरडतात, आणि दोन तासांनी सगळं शांत होतं. हा उत्सव दर पाच दिवसांनी असतो. ती नळाला पाणी आलेल्या दिवसाबद्दल लिहीत होती. तिनं नऊ बादल्या वर चढवल्या, मी तिला ‘निश्चित चांगली’ दिलं.

आता जरा कठीण भागाकडे येतो. गेल्या महिन्यात ब्राझीलचं एक जोडपं आलं होतं. दिवसभर वेरूळची धूळ खाऊन परत आले. बाहेर बेचाळीस डिग्री. नळ येऊन दोनच दिवस झाले होते, अजून तीन काढायचे होते. दोघं न्हाणीघरात गेले, वरचा फवारा सोडला आणि गाणी म्हणत आंघोळ केली. आधी त्यानं, मग तिनं, मग बहुधा परत त्यानं. मी ओसरीच्या पायरीवर बसलो होतो. गच्चीवरची टाकी रिकामी होताना पाइपात घरघर आवाज येतो, तुला माहीत आहे. तो आवाज सुरू झाला, वाढला आणि थांबला. मुठी आवळून बसून राहिलो. ते बाहेर आले, केस निथळत, चेहरे असे धुतलेले. मला थँक्यू म्हणाले. मी पोहे केले. सकाळी फकिराचा टँकर मागवावा लागला. गल्लीत गेली सात-आठ वर्षं तोच पाणी टाकतो, त्याला माझा आवाज चांगला ठाऊक आहे. हौदात नळी सोडून माझ्याकडे पाहत म्हणाला, “साहेब, टाकी सारी खाली केली त्यांनी, आन् तुमी वरडले नाय? तब्येत बरी हाय ना तुमची?”

वरडलो नाही, कारण एकदा वरडून झालं होतं. तो दिवस तुला ठाऊक आहे, पण तुझ्या बाजूनं. माझी बाजू मी कधी सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी नाही. तरी सांगतो.

सोळा सालचा चैत्र. लातूरला आगगाडीनं पाणी गेलं ते वर्ष. तू चार दिवस माहेरपणाला आली होतीस, हळदीकुंकू होतं, भानुमतीनं आंब्याची डाळ वाटली होती. नळ सहाव्या दिवशी यायचा, आणि अजून चार दिवस काढायचे होते. आदल्या रात्री मी घरातलं उरलंसुरलं सगळं पाणी गाळून भरून ठेवलं होतं; दोन हंडे, कळशी, माठ, वर झाकण्या, आणि निवांत झोपलो. तू पहाटे उठलीस, सोवळं नेसलीस, आणि आईनं तुला वयाच्या नवव्या वर्षी शिकवलं होतं तेच पहिलं काम केलंस. रात्रीचं शिळं पाणी देवाला चालत नाही, स्वयंपाकाला चालत नाही. हंडे, कळशी, माठ, सगळं दारात ओतलंस, भांडी घासून लख्ख केलीस, आणि ताजं भरायला नळ सोडलास. नळानं फुस्स केलं.

तुझी काय चूक होती? पैठणला तुमच्या आडाला तेव्हाही हातभर पाणी होतं. शिळं ओतायचं आणि ताजं भरायचं, हे करताना आधी नळ तपासावा लागेल असं आपल्या घराण्यात कुणाला कधी सुचलं नव्हतं. (तरी ओतण्याआधी एकदा मला हाक मारली असतीस तर काय बिघडलं असतं, हे वाक्य खोडायचं होतं, राहून गेलं.) मी बाहेर आलो. दारात ओलं, तुळशीखाली डबकं, आणि तू लख्ख भांड्यांच्या मध्ये उभी. मी काय काय बोललो ते गल्लीनं ऐकलं. शेवटी म्हणालो, पुढच्या वेळी येशील तेव्हा तुझं पाणी पैठणहून घेऊन ये. तुझ्या हातात पेला होता, फिल्टरमधलं उरलेलं घोटभर पाणी. तो तू ओट्यावर ठेवलास. एवढंच म्हणालीस, “केशवा, माहेरचं पाणी संपलं म्हणायचं.” आठच्या गाडीनं गेलीस. भानुमती डाळीचा डबा घेऊन कोपऱ्यापर्यंत धावली आणि डबा घेऊन परत आली. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी नळ आला तेव्हा म्हणाली, “आलं पाणी. मोजा.”

मग दीड वर्षानं ती गेली. तू आलीस, मला धरून रडलीस, तेरा दिवस राहिलीस, सगळ्यांचं केलंस. पण पहिल्या दिवशी पिशवीतून पाण्याची बाटली काढलीस आणि आपल्या पायाशी ठेवलीस. ती संपली की तात्यासाहेब येताना दुसरी आणायचे. मला वाटलं टोमणा मारतेस. मग लक्षात आलं, मी सांगितलं होतं तेच करतेस. आणि त्यात गंमत बघ. आमच्या नळाला येतं ते जायकवाडीचंच. तुझ्या दारापासून उचललेलंच पाणी माझ्याकडे येतं. तुझ्या बाटलीतलं एस.टी.नं दीड तासात यायचं आणि माझं पाइपातून पाचव्या दिवशी, एवढाच भेद. तुझ्याच गावचं पाणी तुला मोजून दिलं आणि वर तुलाच सुनावलं. चूक माझी होती, अक्का. हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं आणि एकेचाळीस पाहुणे लागले.

नातेवाइकांचं येणं त्यानंतर बंदच झालं. केशव पाणी मोजतो, ही बातमी मनकर्णाबाईंनी परभणीपर्यंत पोचवली. खरंच मोजायचो, त्यामुळे कुणाला दोष देत नाही. आम्हाला मूलबाळ नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांवरच ते घर चालायचं. भानुमतीला ते माझ्याआधी कळलं होतं. ज्यांना माझी कीर्ती ठाऊक नाही असे पाहुणे आणायचे तर प्रागहूनच आणावे लागणार होते.

शेवटचा किस्सा सांगतो आणि आवरतो. फेब्रुवारीत पोर्तुगालची एक बाई आली होती, मार्गारिदा, चाळिशीतली, तिकडे इस्पितळात नर्स आहे. निघायच्या दिवशी सकाळी मी खुर्चीत बसलो होतो, ती आली आणि एकदम माझ्या पायाशी वाकली. मला भरून आलं. इतक्या माणसांत कुणी पायाला हात लावला नव्हता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, सुखी राहा, शंभर वर्षं जग. ती उठेना. मी दुसरा आशीर्वाद दिला. ती तरी उठेना. नमस्कार इतका वेळ कुणी करत नाही. खाली पाहिलं तर ती माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरून बसली होती. मग तिनं अंगठा उचलला, आणि तिथं खळगा पडला होता, कणकेच्या गोळ्यात पडतो तसा. आम्ही दोघं त्या खळग्याकडे पाहत बसलो. तो भरेना. तिनं श्रेयाला वरच्या मजल्यावरून बोलावून घेतलं आणि बरंच काही सांगितलं. वेबसाइटवर मात्र तिनं माझ्याबद्दल दोनच शब्द लिहिले: ‘फार चांगले.’ मी तिला ‘अत्युत्कृष्ट’ दिलं, कचेरीत जे कुणालाच मिळालेलं पाहिलं नव्हतं.

तर असं आहे आमचं लॉज. मनकर्णाबाई पुन्हा आल्या तर त्यांना हे पत्र वाचून दाखव, म्हणजे त्यांचाही वेळ जाईल. बाकी सर्व क्षेम. काळजी करण्यासारखं काही नाही. लोभाचं तुझ्यावर सोपवतो.

तुझा धाकटा भाऊ,
केशव

ता. क. त्या खळग्याचं तू विचारशील म्हणून लिहितो. दोन महिने टाळून मग डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही मूत्रपिंडं थकली आहेत म्हणाले. आता हसू नकोस, पण त्यांनी मला दिवसाला एक लिटर पाणी नेमून दिलं आहे. चहा, ताक, वरण, सगळं धरून. श्रेयानं रेघा मारलेली बाटली आणून दिली आहे. या उन्हाळ्यात सकाळी अकरालाच ती अर्धी होते, मग मी रेघेकडे बघतो आणि रेघ माझ्याकडे. एक वेलदोडा तोंडात ठेवला की तासभर निघतो. तू इथं असतीस तर म्हणाली असतीस, केशवा, मोज.

ता. क. दुसरं. शनिवारी, २५ तारखेला, हातावर लहानसं ऑपरेशन आहे. शीर जोडून ठेवतात, म्हणजे पुढे रक्त गाळायच्या यंत्राची नळी लावता येते. नव्या नळजोडणीसारखंच काम आहे, आणि नळजोडणीसारखाच फॉर्मही आहे. त्यात एक रकाना नातेवाइकाच्या सहीचा. मी म्हटलं, मी स्वतः सही करतो की. ते म्हणाले, तुमची लागतेच, पण सोबत एक नातेवाईक हवा. श्रेया तयार होती, पण तिच्यापुढे नातं काय लिहायचं, भाडेकरू? पावेलनं कळवलं आहे की तो सायकलवर निघतो. तो पोचेपर्यंत माझी तेराव्याची पंगत उठलेली असेल. एकेचाळीस माणसं माझ्या घरी झोपून गेली, अक्का, आणि त्या रकान्यात लिहायला माझ्याकडे एकच नाव आहे.

ता. क. तिसरं आणि शेवटचं. सहीचं राहू दे. सही नसली तर त्यांची काहीतरी पद्धत असेलच, मी सरकारी माणूस आहे, फॉर्म कसे पुढे सरकतात ते मला माहीत आहे. तू सहीसाठी येऊ नकोस. श्रेयानं त्या वेबसाइटवर तुझं नाव शोधलं, तू तिथं नाहीस, म्हणून विनंती पोस्टानं पाठवतो आहे. नळ शुक्रवारी, २४ तारखेला पहाटे येतो. (न आलाच तर फकिराला सांगून ठेवलं आहे, टँकर दारात उभा राहील.) तू गुरुवारी संध्याकाळच्या एस.टी.नं ये. रात्री तू झोपलीस की घरातलं सगळं शिळं पाणी मी स्वतःच्या हातानं तुळशीला आणि दारात ओतून टाकीन, भांडी घासून पालथी घालून ठेवीन. पहाटे तू नळ सोड, तू भर, आणि पहिला पेला तू पी. हवं तेवढं पी. माझ्या वाटचं आता रोज उरतं. बाटली आणू नकोस.